उघडिपीच्या भरवशावर समुद्रकिनारी

उष्ण कटिबंधातल्या समुद्रकिनारी ऐन पावसाळ्यात सहलीला जावे की नाही, या एकाच विषयावर गेल्या काही आठवड्यांत इतकी पत्रे आली की या वेळचे प्रश्नोत्तरांचे सदर त्यालाच द्यावे लागले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. ज्यांनी केवळ ‘चांगले हॉटेल सुचवा’ एवढेच लिहिले होते, त्यांची क्षमा मागून ती पत्रे बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न : आम्हा पती-पत्नीला रजा मिळते ती जुलै-ऑगस्टमध्येच. परदेशातल्या एखाद्या समुद्रकिनारी आठवडाभर राहावे असे मनात होते. पण सहली ठरवून देणाऱ्या गृहस्थांनी ‘त्या दिवसांत सगळीकडे पावसाळाच असतो’ असे सांगून आमचा उत्साह घालवला. खरोखरच सगळीकडे पाऊस असतो का?

उत्तर : नसतो. विषुववृत्ताच्या आसपासचा ढगांचा आणि पावसाचा पट्टा सूर्यामागोमाग सरकत असतो. उत्तर गोलार्धात उन्हाळा असताना तो उत्तरेकडे येतो आणि डिसेंबर-जानेवारीत दक्षिणेकडे उतरतो. त्यामुळे विषुववृत्ताच्या दक्षिणेला असलेली बाली आणि लोंबोक ही बेटे आपल्या रजेच्या महिन्यांत चांगली कोरडी असतात. तिथला पावसाळा साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च असा असतो. झांझिबारला मोठा पाऊस मार्च ते मे या काळात पडून जातो आणि जून ते सप्टेंबर हे तिथले कोरडे महिने आहेत.

याहूनही उपयोगी गोष्ट अशी की, एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांवर पावसाळा निरनिराळ्या महिन्यांत येतो. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा मारा बसतो. त्याच वेळी मधल्या डोंगरांच्या आडोशाला असलेला पूर्व किनारा, म्हणजे त्रिंकोमाली, पासीकुडा, अरुगम बे हा भाग, कोरडा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्य वारे सुटले की हे चित्र उलटे होते. थायलंडमध्ये फुकेत आणि क्राबी हे अंदमान समुद्राकडचे भाग मे ते ऑक्टोबर भिजतात, तर पलीकडच्या आखातातल्या को सामुई बेटावर खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत होतो. मलेशियाच्या पूर्वेकडची पेरहेंतियन, रेडांग, तिओमान ही बेटे साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळजवळ बंदच असतात. जुलैमध्ये मात्र ती गजबजलेली असतात.

म्हणून ‘अमुक देशात पावसाळा कधी असतो?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘मी जाणार तो किनारा त्या महिन्यात वाऱ्याच्या तोंडावर असतो की आडोशाला?’ असे विचारावे. ‘आम्ही पावसाळ्यात थायलंडला गेलो आणि आठवडाभर ऊन होते’ असे सांगणारे आणि ‘आम्ही आठवडाभर खोलीत बसून काढला’ असे सांगणारे, दोघेही खरेच बोलत असतात. त्यांचे किनारे वेगळे असतात, इतकेच.

प्रश्न : आम्ही निवडलेल्या ठिकाणी त्या महिन्यात सरासरी ३०० मिलिमीटर पाऊस पडतो, असे हवामानाच्या तक्त्यात दिसते. याचा अर्थ दिवसभर पाऊस असेल असा घ्यायचा का? शिवाय मोबाइलवरच्या अंदाजात पुढचे दहाही दिवस ढग, थेंब आणि वीज यांचेच चित्र दिसते आहे.

उत्तर : महिन्याच्या एकूण पावसावरून तो कसा पडतो ते कळत नाही. उष्ण कटिबंधात एका तासाच्या सरीत ४०-५० मिलिमीटर पाणी सहज पडून जाते, आणि तेवढेच पाणी दोन दिवसांच्या झिमझिमीतूनही पडू शकते. सुट्टीच्या दृष्टीने या दोन्हींत फार मोठा फरक आहे. तक्त्यात पावसाच्या आकड्याशेजारी पावसाचे दिवस किती आणि रोजचे सूर्यप्रकाशाचे तास किती, हे दोन रकाने असतात, ते आधी पाहावेत. सूर्यप्रकाशाचे तास पाच-सहा असतील, तर पाऊस सरींचा आहे असे समजावे. तीन-चारच असतील, तर आभाळ दिवसदिवस गच्च असते.

डोंगराळ बेटांवर आणि मोठ्या भूभागांच्या किनाऱ्यावर बहुधा असे घडते की, सकाळ स्वच्छ असते, जमीन तापते, समुद्रावरून ओलसर वारा आत शिरतो, दुपारी डोंगरावर ढग रचले जातात आणि तीन-चारच्या सुमारास सर कोसळते. अशा ठिकाणी बाहेरची सगळी कामे सकाळी अकराच्या आत उरकावीत आणि दुपार मोकळी ठेवावी. लहान, सपाट प्रवाळ बेटांवर हे चक्र तितकेसे चालत नाही. तिथे पाऊस पुष्कळदा रात्री किंवा पहाटे येतो. मात्र जवळपास कमी दाबाचा पट्टा तयार झाला, की या वेळापत्रकाला काही अर्थ उरत नाही आणि तीन-चार दिवसांची झड लागते. को सामुईला नोव्हेंबरमध्ये सरासरी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो, तो प्रामुख्याने अशा झडींमुळेच.

मोबाइलवरच्या चित्राचे म्हणाल, तर दिवसात कधीतरी एखादी सर येण्याची शक्यता असली तरी ते चित्र उमटते. पावसाळी महिन्यात ते दहा दिवसच काय, तीस दिवसही दिसेल. त्याऐवजी निघण्यापूर्वी दोन-तीन दिवस तिथल्या हवामान खात्याचे समुद्राविषयीचे इशारे वाचावेत आणि लाटांची उंची व वाऱ्याचा वेग पाहावा. त्यातून पुष्कळ अधिक कळते.

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही दोन मुलांना घेऊन (वय वर्षे अकरा आणि चौदा) अशाच एका ठिकाणी पावसाळ्यात गेलो होतो. पाऊस थांबून लख्ख ऊन पडले होते, वारा नव्हता, तरीही जीवरक्षकांनी लाल निशाण उतरवले नाही. मुले हिरमुसली. दोघांनाही उत्तम पोहता येते. ही अतिसावधगिरी नव्हे काय?

उत्तर : नव्हे. आपल्या पत्रातला ‘ऊन पडले होते’ हा भाग फसवा आहे आणि पुष्कळ अपघात अशाच उन्हात होतात, म्हणून या उत्तराला थोडी अधिक जागा देतो.

किनाऱ्यावर आदळणारी लाट तिथल्या वाऱ्याने उठवलेली असेलच असे नाही. शेकडो किलोमीटर दूर समुद्रात वादळ घोंगावत असते, तिथे उठलेल्या लाटा वादळापासून सुटून निघतात आणि एक-दोन दिवसांनी निरभ्र आकाशाखालच्या किनाऱ्यावर येऊन फुटतात. पाऊस थांबला म्हणजे समुद्र शांत झाला, हे समीकरण म्हणूनच चुकीचे आहे. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी कुठून तरी परत जावे लागते. पाण्याखाली वाळूचा जो उंचवटा असतो, त्यातल्या एखाद्या खिंडीतून ते वेगाने समुद्राकडे धावते. यालाच रिप करंट म्हणतात. त्याचा वेग कधीकधी सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जातो आणि इतक्या वेगाविरुद्ध ऑलिंपिकमधल्या पोहणाऱ्याचाही टिकाव लागत नाही. पावसाळ्यात लाटा मोठ्या असतात आणि वाळूचे उंचवटे सतत जागा बदलतात. काल जिथे मुले सुखरूप खेळली, तिथे आज अशी खिंड पडलेली असू शकते.

हा प्रवाह ओळखता येतो, पण उलट्या पद्धतीने. किनाऱ्यावरच्या एखाद्या उंच जागी दहा मिनिटे उभे राहून पाहावे. सगळीकडे लाटा फुटून पांढरा फेस दिसत असतो आणि मध्येच दहा-पंधरा मीटर रुंदीची एक पट्टी अशी असते की तिथे लाट फुटतच नाही. पाणी गडद किंवा वाळूमुळे मातकट दिसते, पृष्ठभागावर बारीक चुरगळल्यासारखी वळवळ असते आणि फेसाचे पुंजके, एखादी वाळकी फांदी त्या पट्टीतून किनाऱ्याकडे न येता बाहेर चाललेली असते. नवख्या माणसाला हीच जागा सर्वांत शांत वाटते आणि मुलांना घेऊन तो नेमका तिथेच उतरतो. मी स्वतः एकदा कठड्यावर उभा राहून एका सुटलेल्या नारळाचा प्रवास पाहिला होता. बघता बघता तो लाटांच्या पलीकडे जाऊन ठिपक्याएवढा झाला.

त्यात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो; बुडणारे बहुधा दमून बुडतात. उताणे तरंगावे, हात वर करून मदत मागावी आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्टीबाहेर पडून मग फेसाच्या बाजूने परत यावे. दुसऱ्या कुणाला वाचवायचे असेल तर तरंगणारी वस्तू फेकावी, स्वतः उडी घालू नये. मुलांना हे पाण्यात उतरण्यापूर्वी सांगावे आणि त्यांच्याकडून म्हणवून घ्यावे.

निशाणांचा अर्थ पुष्कळ देशांत साधारण सारखा असतो. वर लाल आणि खाली पिवळा असे दुरंगी निशाण म्हणजे जीवरक्षकांची नजर असलेली जागा, नुसते लाल म्हणजे मोठा धोका (काही देशांत पोहण्यास बंदीच), दोन लाल म्हणजे पाणी पूर्णपणे बंद आणि जांभळे म्हणजे पाण्यात दंश करणारे प्राणी. जिथे जीवरक्षकच नाहीत, तिथे पावसाळ्यात गुडघ्यापलीकडे पाण्यात जाऊ नये, असे माझे मत आहे आणि ते कुणाला भित्रेपणाचे वाटले तरी चालेल. गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा उतरू नये.

आणखी एक. ओढा किंवा नाला जिथे समुद्राला मिळतो, तिथे मोठ्या पावसानंतर निळ्या पाण्यात तपकिरी रंगाची स्पष्ट रेघ ओढलेली दिसते. त्या तपकिरी बाजूला गावाचे सांडपाणी मिसळलेले असते. उघड्या किनाऱ्यावर किमान एक दिवस आणि खाडीसारख्या बंदिस्त पाण्यात किमान तीन दिवस पोहणे टाळावे. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर तर नोव्हेंबर ते मे हा पावसाळी काळ बॉक्स जेलीफिशचा असतो. तिचा दंश काही मिनिटांत जीवघेणा ठरू शकतो, म्हणून तिथे जाळी लावलेल्या पट्ट्यातच आणि अंगभर पोशाख घालूनच पोहतात. दंशावर ओतण्यासाठी किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात.

प्रश्न : मुख्य भूमीवर उतरून बोटीने बेटावर जायचे, चार रात्री राहायचे आणि परतीच्या दिवशी सकाळच्या बोटीने येऊन दुपारचे विमान पकडायचे, असा बेत आहे. पावसाळ्यात तो जमेल का?

उत्तर : कोरड्या ऋतूत जमला असता. हाच बेत मी अनेक वर्षांपूर्वी केला होता. परतीच्या आदल्या रात्री वारा सुटला, सकाळी बोटी रद्द झाल्या. दुसऱ्या दिवशी आकाश निळेभोर होते, तरी धक्क्यावरचा माणूस नुसती मान हलवत होता, कारण समुद्र अजून खवळलेलाच होता. तिसऱ्या दिवशी पलीकडे पोहोचलो तेव्हा विमान केव्हाच गेलेले होते आणि विमान कंपनीच्या दृष्टीने तो सर्वस्वी माझा दोष होता. तेव्हापासून बेटावरचा मुक्काम आधी आणि मुख्य भूमीवरचा नंतर, परतीच्या विमानापूर्वी निदान एक पूर्ण दिवस मोकळा, हा नियम मी मोडलेला नाही.

एखादा बोटवाला इशारा असतानाही निघायला तयार असेल, तर तो तयार आहे म्हणून आपण बसू नये. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ पर्यटकांची एक बोट वादळी समुद्रात उलटून ४७ जण मरण पावले. त्या दिवशी खराब हवामानाचा इशारा दिलेला होता. काही ठिकाणे तर सरकारच बंद ठेवते, तेही आधी पाहून घ्यावे. थायलंडमधली सिमिलन बेटे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात आणि तिथलाच माया बे हा किनारा ऑगस्ट व सप्टेंबर या दोन महिन्यांत.

प्रश्न : विमा काढल्यास वादळामुळे रद्द झालेल्या सहलीचे पैसे परत मिळतात का?

उत्तर : विमा केव्हा काढला यावर ते अवलंबून असते. वादळाला नाव मिळाल्यानंतर काढलेल्या विम्यात त्या वादळामुळे झालेले नुकसान सहसा धरले जात नाही, म्हणून विमा आरक्षणाबरोबरच काढावा. ‘पाऊस पडला म्हणून मजा आली नाही’ हे कारण नेहमीच्या प्रवास विम्यात बसत नाही. अटलांटिक आणि कॅरिबियन भागात चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर मानला जातो आणि त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास असतो. तिकडे त्याच दिवसांत जाणे भाग असेल, तर दक्षिणेकडची अरुबा, बोनेर आणि कुरासाओ ही बेटे वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर आहेत. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पाच अंशांच्या आत चक्रीवादळे क्वचितच तयार होतात, कारण त्यांना फिरवणारा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम तिथे फार क्षीण असतो. पाऊस मात्र तिथेही भरपूर पडतो, हे विसरू नये.

प्रश्न : सहलीहून परतल्यावर चार दिवसांनी माझ्या भावाला ताप आला आणि तो डेंगीचा निघाला. हॉटेलच्या खोलीत रात्री मच्छरदाणी होती, तरी असे कसे झाले?

उत्तर : डेंगी पसरवणारा एडिस डास प्रामुख्याने दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळ होण्याच्या सुमारास, त्यामुळे रात्रीच्या मच्छरदाणीचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. तो साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि पावसाळ्यात नारळाच्या करवंटीपासून कुंडीखालच्या ताटलीपर्यंत सगळीकडे असे पाणी असते. अंगभर कपडे घालावेत आणि उघड्या त्वचेला डास पळवणारे मलम दिवसाही लावावे. चावल्यापासून चार ते दहा दिवसांत लक्षणे दिसतात, म्हणजे पुष्कळदा घरी परतल्यावरच. तेव्हा डॉक्टरांना प्रवासाची माहिती आपणहून द्यावी आणि निदान होईपर्यंत तापावर पॅरासिटामॉलखेरीज काही घेऊ नये, कारण ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालणे हे लेप्टोला (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाला) आमंत्रण आहे. किनाऱ्यावरची माणसे सर्रास अनवाणी हिंडतात. वाळूवर ते ठीक आहे, पण तुंबलेल्या रस्त्यावर नाही.

प्रश्न : पावसाळ्यात पाणी गढूळ असते, मग स्नॉर्केलिंगसाठी (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचे पाहण्यासाठी) जाण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : बेटाच्या जातीवर ते ठरते. डोंगर आणि नद्या असलेल्या बेटावर पावसाबरोबर माती समुद्रात येते आणि किनाऱ्यालगत हातभर अंतरावरचेही दिसत नाही. मालदीवसारख्या प्रवाळ बेटांवर नद्याच नाहीत, त्यामुळे तिथे माती येत नाही. मे ते ऑक्टोबरच्या नैर्ऋत्य मोसमात तिथेही पाणी काहीसे धूसर होते, पण ते प्लवकांमुळे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. आणि त्या धूसरपणापायीच तर जायचे! तिथल्या बा नावाच्या प्रवाळवलयातल्या हनिफारू उपसागरात हे प्लवक प्रवाहांबरोबर येऊन कोंडले जातात आणि ते खाण्यासाठी जून ते नोव्हेंबर या काळात मांटा रे नावाचे अजस्र, चपटे मासे थव्यांनी जमतात, कधीकधी एकामागे एक गोल फिरत. कोरड्या ऋतूतल्या काचेसारख्या पाण्यात हे दृश्य सहसा मिळत नाही. तिथे हवेची नळकांडी लावून डुबकी घेण्यास मनाई आहे, केवळ स्नॉर्केलिंगच करता येते, म्हणजे आपल्यासारख्यांना सोयीचेच.

प्रश्न : सामानात काय काय घ्यावे?

उत्तर : छत्री घेऊ नये, किनाऱ्यावरच्या वाऱ्यात ती टिकत नाही. पातळ रेनकोट पुरतो. पोहण्याचे कपडे निदान तीन जोड घ्यावेत. त्या दमट हवेत सकाळचा ओला कपडा दुसऱ्या दिवशीही तसाच ओला असतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास सुटतो. चामड्याची पादत्राणे घरी ठेवावीत, त्यांवर आठवडाभरात हिरवट बुरशी चढते. आकाश ढगाळ असले तरी उन्हापासून संरक्षण देणारे मलम हवेच, कारण पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात आणि ऊन जाणवत नसल्यामुळे माणूस बेसावध राहून भाजून निघतो. कागदपत्रांसाठी झिप असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एक टॉर्च घ्यावा; वादळी रात्री वीज जातेच. कॅमेरा वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर काढला तर भिंगावर दव धरते आणि ते पुसत बसेपर्यंत उघडीप संपते. सकाळी उठल्याबरोबर कॅमेरा पिशवीसकट व्हरांड्यात ठेवावा; चहा होईपर्यंत तो बाहेरच्या हवेइतका गरम झालेला असतो.